विधी महाविद्यालयांतील विधी साहाय्य केंद्रे आणि कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रिया : एक चिकित्सा

प्रास्ताविक

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आला. घरातील हिंसा ही केवळ चार भिंतींआडची खाजगी बाब नसून तिच्या विरोधात स्त्रीला दिवाणी स्वरूपाची दाद मागता येते, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. शारीरिक व लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही हिंसेच्या व्याख्येत समावेश झाला. पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी आणि विवाहसदृश संबंधात राहणारी स्त्री यांनाही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि कायद्याचे अस्तित्व आणि त्याचा वापर यांतील अंतर आजही मोठे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील कधी ना कधी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून होणारी हिंसा अनुभवली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. याच पाहणीनुसार, शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती.

हे अंतर भरून काढण्याच्या कामी विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी उपयोगी पडतील, अशी अपेक्षा वारंवार व्यक्त होते. अपेक्षा योग्य आहे. प्रश्न असा की, विद्यार्थ्यांची शक्ती ज्या ठिकाणी लागायला हवी त्या ठिकाणी ती लागते आहे काय? विद्यार्थ्याला न्यायालयात बोलता येत नाही म्हणून त्याच्या वाट्याला केवळ प्रचाराचे काम उरते, असे गृहीत धरून बहुतांश केंद्रांची रचना झालेली दिसते. हे गृहीतक २००५ च्या कायद्याच्या स्वरूपाशी विसंगत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या कायद्याखालील प्रकरणाचा पाया न्यायालयाबाहेर, कागदावर घातला जातो. विद्यार्थ्याचे खरे स्थान तेथे आहे, आणि त्याच्या हातून होऊ शकणाऱ्या हानीचे स्थानही तेच आहे.

कायद्याने दिलेली जागा

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ व ३३ नुसार वकिली करण्याचा हक्क नोंदणीकृत अधिवक्त्यांपुरता मर्यादित आहे. कलम ३२ अन्वये एखाद्या विशिष्ट प्रकरणात न्यायालय अन्य व्यक्तीस उभे राहण्याची परवानगी देऊ शकते. परंतु तो अपवाद आहे, व्यवस्था नव्हे. अमेरिकेत बार असोसिएशनने १९६९ मध्ये पर्यवेक्षणाखालील विद्यार्थ्यांना न्यायालयात उभे राहू देणारा नमुना नियम तयार केला. तसा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. या अभावाची खंत विधी शिक्षणाच्या चर्चेत नेहमी व्यक्त होते. मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांपुरते पाहिल्यास ही खंत काहीशी चुकीच्या जागी आहे.

कायद्याच्या कलम १२ नुसार पीडित स्त्री, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणतीही व्यक्ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. २००६ च्या नियमांनी त्यासाठी नमुने ठरवून दिले आहेत. नमुना १ हा घटना अहवाल, नमुना २ हा कलम १२ खालील अर्ज, नमुना ३ हे अंतरिम आदेशासाठीचे प्रतिज्ञापत्र, नमुना ४ ही हक्कांची माहिती आणि नमुना ५ ही सुरक्षा योजना होय. कलम २३ अन्वये प्रतिज्ञापत्राच्या आधारे, प्रतिवादीला न ऐकताही अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. पहिली सुनावणी सामान्यतः अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ही मुदत पाळली जात नाही, हे सर्वज्ञात आहे; आणि म्हणूनच पहिल्या दिवशी दाखल होणारा कागद अधिक महत्त्वाचा ठरतो. अंतिम निकाल लांबला तरी घरात राहण्याचा अंतरिम आदेश त्या कागदावरच मिळतो किंवा नाकारला जातो.

हे नमुने भरण्यास साहाय्य करणे, घटनांचा कालानुक्रम लावणे, वैद्यकीय कागद, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, स्त्रीधनाची यादी अशी कागदपत्रे जमवणे, अर्ज वाचून समजावणे या कामांसाठी सनद लागत नाही. लागते ती कायद्याची नेमकी समज, संयम आणि वेळ. संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेमका वेळच नसतो. अनेक ठिकाणी हे पद आधीच दुसरी जबाबदारी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवलेले असते. मे २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला, जेथे नेमणुका झालेल्या नाहीत तेथे सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमावेत, असा आदेश द्यावा लागला, यातच परिस्थिती स्पष्ट होते.

अभ्यासक्रमातील स्थान

विधी साहाय्य केंद्राला वैधानिक आधाराची उणीव नाही. घटनेच्या अनुच्छेद ३९अ मध्ये मोफत विधी साहाय्याचे तत्त्व आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम ४ नुसार विधी महाविद्यालयांतील सेवा केंद्रांना मार्गदर्शन करणे हे केंद्रीय प्राधिकरणाचे कार्य आहे, आणि कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेस पात्र आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी प्रत्येक संस्थेला ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून चालविले जाणारे विधी साहाय्य केंद्र बंधनकारक केले.

परंतु याच नियमांत एक विसंगती आहे. १९९७ मध्ये सक्तीच्या केलेल्या चार प्रात्यक्षिक विषयपत्रिकांपैकी एक लोकहितार्थ वकिली, विधी साहाय्य आणि अर्धविधी सेवा या विषयाची होती. २००८ च्या नियमांतील सक्तीचे चार प्रात्यक्षिक विषय म्हणजे मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालयासह आंतरवासिता. अर्थात केंद्र बंधनकारक झाले, पण केंद्रात करावयाच्या कामाचा विषय सक्तीच्या यादीतून गेला. उरले ते अभिरूप न्यायालयाच्या विषयपत्रिकेतील एक छोटे कलम. त्यानुसार विद्यार्थ्याने वकिलाच्या वा विधी साहाय्याच्या कार्यालयात पक्षकारांच्या दोन मुलाखतींचे निरीक्षण करून रोजनिशीत नोंद करावी. त्यास १५ गुण. तेथे विद्यार्थी ऐकणारा नाही, पाहणारा आहे. ज्या स्त्रीने आपले घर उघडे करून दाखविले तिच्याप्रती त्याचे कोणतेही कर्तव्य त्या १५ गुणांतून निर्माण होत नाही.

जे अभ्यासक्रमात नाही ते उपक्रमात जाते. अनेक महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत विधी साहाय्य केंद्राच्या नावे जनजागृती फेरी, पथनाट्य, भित्तिपत्रक स्पर्धा, ८ मार्चचे व्याख्यान आणि एखादे ग्रामशिबिर यांची नोंद असते. नॅकच्या मूल्यांकनासाठी विस्तारकार्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे जोडली जातात. जागृतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु पथनाट्य पाहून एखादी स्त्री दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दाराशी आली, तर तेथे कोण बसलेले असते? शिबिर संपल्यावर गावात कोणाशी संपर्क साधायचा? हे प्रश्न अहवालाच्या रकान्यांत येत नाहीत. जागृती केल्यानंतर मदत न मिळणे हे निरुपद्रवी नसते. हक्काच्या भरवशावर घरात पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या स्त्रीला त्याची किंमत मोजावी लागू शकते.

तक्रारीची भाषा

नमुना १ हा कायद्याच्या इतिहासातील एक लक्षणीय मजकूर आहे. मारहाणीबरोबरच चारित्र्यावर संशय घेणे, मुलगा न झाल्याबद्दल टोमणे मारणे, नोकरी सोडायला लावणे, अन्न, कपडे वा औषधे न देणे, घराच्या एखाद्या भागात जाऊ न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे वा गहाण टाकणे, घरभाडे किंवा विजेचे बिल न भरणे अशा गोष्टी त्यात एकेक करून मांडलेल्या आहेत. स्त्रिया ज्यांना ‘संसारातल्या कुरबुरी’ म्हणून गिळून टाकतात त्यांना या नमुन्याने नाव दिले. त्याच वेळी या नमुन्याची रचना खुणा करण्याची आहे. दिनांक, वेळ, ठिकाण, प्रकार असे रकाने आहेत आणि अनेक वर्षे सलग चाललेला त्रास त्या रकान्यांत सहज मावत नाही.

येथे लिहून घेणाऱ्याची कसोटी लागते. समजा, एखादी स्त्री म्हणते, “मारहाण तशी काही नाही. पण घरात धान्याचा डबा सासूच्या खोलीत असतो, आणि किल्ली माझ्याकडे नसते.” घाईत असलेला विद्यार्थी मारहाणीच्या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळा होईल. कायदा नीट वाचलेला विद्यार्थी त्या किल्लीपाशी थांबेल, कारण तेथे आर्थिक छळाची व्याख्या सुरू होते. दुसरी स्त्री म्हणते, “मला नांदवत नाहीत.” हा शब्द मराठी अर्जांत इतका रुळला आहे की त्यामागून पोटगीचा ठरीव मसुदा आपोआप येतो. तिला पोटगी हवी असेल. पण कदाचित तिला त्याच घरातील स्वतःची खोली, मुलांची शाळा आणि दाराबाहेर न काढले जाण्याची हमी हवी असेल. ती मागणी कलम १७ व १९ खालील निवासाच्या हक्काची आहे. शब्द तिचा असला तरी मागणी मसुद्याची होऊन बसते.

उलट दोषही तितकाच घातक आहे. अर्ज भक्कम व्हावा म्हणून प्रत्येक रकान्यात खूण करणे, न घडलेल्या हुंड्याच्या मागणीची ओळ जुन्या मसुद्यातून उतरवून घेणे, तारीख आठवत नसता अंदाजाने घालणे, हे सर्व उलटतपासणीत त्या स्त्रीवरच उलटते. मसुदा लिहिणारा तोवर उत्तीर्ण होऊन गेलेला असतो. साक्षीच्या पिंजऱ्यात ती उभी असते. म्हणून तिचे म्हणणे तिच्या शब्दांत आधी स्वतंत्र लिहून, नंतरच नमुन्यात उतरविणे ही पद्धत आवश्यक ठरते. स्त्री निरक्षर असल्यास संरक्षण अधिकाऱ्याने अर्ज वाचून दाखवून त्यातील मजकूर समजावून द्यावा, असे नियम ६ मध्ये सांगितले आहे. विद्यार्थ्यांच्या केंद्राने साक्षर-निरक्षर असा भेद न करता ते प्रत्येकीसाठी करावे.

अद्ययावत ज्ञानाची जबाबदारी

विद्यार्थ्याने दिलेला चुकीचा सल्ला परीक्षेतील चुकीच्या उत्तरासारखा नसतो, हे या कायद्याच्या न्यायनिर्णयांच्या प्रवासातून दिसते. डिसेंबर २००६ मध्ये ‘एस. आर. बत्रा विरुद्ध तरुणा बत्रा’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीच्या घरात सुनेला निवासाचा हक्क मागता येणार नाही, असा अर्थ लावला. जवळजवळ चौदा वर्षे हा निकाल पाठ्यपुस्तकांत आणि वकिलांच्या सल्ल्यात राहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा’ या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो रद्द ठरवून, घर पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘हिरल हरसोरा विरुद्ध कुसुम हरसोरा’ या निकालाने प्रतिवादी केवळ प्रौढ पुरुषच असावा ही मर्यादा काढून टाकली. मे २०२२ मध्ये ‘प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी’ या निकालाने, संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकाऱ्याला अर्जावर आदेश देता येतो, हे निश्चित केले.

जुन्या मार्गदर्शिकेवर विसंबलेला विद्यार्थी आजही एखाद्या सुनेला ‘घर सासूच्या नावावर आहे, हक्क नाही’ असे सांगू शकतो, किंवा अहवालाअभावी तिला परत पाठवू शकतो. ती स्त्री दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ ने, तर पत्नी, मुले व आईवडील यांच्या निर्वाहाविषयीच्या कलम १२५ ची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. केंद्रातील छापील पत्रके व नमुने दर सत्रारंभी तपासणे ही औपचारिकता नव्हे. तो सल्ल्याचा प्राण आहे.

गोपनीयता आणि पर्यवेक्षण

केंद्रांच्या रचनेतील सर्वांत दुर्लक्षित दोष गोपनीयतेचा आहे. वकील व पक्षकार यांच्यातील संभाषणाला पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ व १२७ ने आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने संरक्षण दिले आहे. ते अधिवक्त्याला, तसेच त्याच्या दुभाष्यांना, कारकुनांना व कर्मचाऱ्यांना लागू होते. अधिवक्त्याशिवाय चालणाऱ्या महाविद्यालयीन केंद्रातील विद्यार्थ्याचा त्यात उल्लेख नाही. स्त्रीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्याने उघड करू नये ही नैतिक अपेक्षा झाली. त्याला ती उघड करायला लावता येणार नाही, असे कायदेशीर कवच मात्र निश्चित नाही.

त्यातच केंद्रप्रमुख असलेला पूर्णवेळ वेतनधारी अध्यापक सामान्यतः वकिली करू शकत नाही. वकीलपत्रावर सही करण्याचा अधिकार ना विद्यार्थ्याला, ना त्याच्या शिक्षकाला. यावर उपाय अस्तित्वात आहेत. १९९५ च्या नियमांनुसार व्यवसाय करणारा अधिवक्ता दिवसाकाठी तीन तासांपर्यंत विधी अध्यापन करू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील अधिवक्ता ठरलेल्या दिवशी केंद्रात बसू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेनुसार विधी विद्यार्थी सनद घेईपर्यंत अर्धविधी स्वयंसेवक म्हणून नेमले जाऊ शकतात. अधिवक्त्याच्या देखरेखीखाली त्याचा साहाय्यक म्हणून विद्यार्थी काम करू लागला की सल्ल्याची जबाबदारी, स्वाक्षरी आणि गोपनीयता या तिन्ही गोष्टींना एक आधार मिळतो.

सुरक्षिततेचे तपशील याहून साधे पण अधिक तातडीचे आहेत. स्त्रीचा दूरध्वनी कोणाच्या हातात असतो, तिला कोणत्या वेळी फोन करावा, कागदाची प्रत घरी न्यावी की केंद्रात ठेवावी, हे पहिल्याच भेटीत विचारले पाहिजे. ‘उद्या कागद घेऊन या’ असा केंद्रातून गेलेला साधा निरोप पतीच्या वाचनात आला तर नमुना ५ मधील सारी योजना निरर्थक ठरते. लहान गावात विद्यार्थी आणि प्रतिवादी यांचे नातेगोते निघणे अशक्य नसते. अशा वेळी विद्यार्थ्याने बाजूला होण्याचा नियम लेखी असावा. आणि शिबिराच्या छायाचित्रात त्या स्त्रीचा चेहरा कोणत्याही कारणास्तव येता कामा नये.

काही आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, संकटातील स्त्री ही शिकाऊंसाठी प्रात्यक्षिकाची सामग्री नव्हे. आक्षेप गंभीर आहे आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. त्याचे उत्तर केंद्र बंद करण्यात नसून क्रम बदलण्यात आहे : स्त्रीची गरज आधी, विद्यार्थ्याचे शिक्षण त्यातून. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तर या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित व्यक्ती कायम उपस्थित असणे आणि प्रत्येक स्त्रीची नोंद सलग ठेवणे यांवर भर राहिला. विधी महाविद्यालयांनी त्यांच्याकडून नेमके हेच घ्यावयास हवे.

दुसरा आक्षेप कालावधीचा. सत्र संपते, परीक्षा येतात, अंतिम वर्षाचे विद्यार्थी निघून जातात. प्रकरण मात्र चालूच राहते. केवळ अंतिम वर्षावर भिस्त ठेवणारी २००८ ची रचना येथे अपुरी पडते. प्रत्येक प्रकरणावर अंतिम वर्षाचा एक व त्याच्या आधीच्या वर्षाचा एक असे दोन विद्यार्थी, आणि वर्षाअखेरीस लेखी हस्तांतरण टिपण, एवढ्या व्यवस्थेने हा खंड बराच कमी होईल. नवा विद्यार्थी समोर आल्यावर स्त्रीला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये, हा या टिपणाचा निकष असावा.

समारोप

विधी साहाय्य केंद्राचे मूल्यमापन फेऱ्या, शिबिरे आणि उपस्थितांची संख्या यांवर होत राहील, तोवर केंद्रे तीच कामे करीत राहतील. त्याऐवजी वर्षभरात किती स्त्रियांचे म्हणणे पूर्ण लिहून घेतले, किती अर्ज अधिवक्त्याकडून तपासून दाखल झाले, किती प्रकरणांत अंतरिम आदेश मिळाला, मिळालेला आदेश पाळला गेला की नाही याची विचारपूस किती जणींकडे झाली, हे प्रश्न विचारले जावेत. नावे व ओळख काढून टाकलेल्या या नोंदींवर मसुदालेखनाच्या विषयात गुण देणेही शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास, एक बंद होणारे कपाट आणि एका अधिवक्त्याचा नियमित वेळ लागेल.

कलम ३१ नुसार संरक्षण आदेशाचा भंग हा एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा किंवा २०,००० रुपयांपर्यंतच्या दंडाचा, अथवा दोन्हींचा अपराध आहे. परंतु भंग होण्यासाठी आधी आदेश असावा लागतो, आदेशासाठी अर्ज लागतो, आणि अर्जासाठी कोणीतरी त्या स्त्रीशेजारी बसून तिचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकावे लागते. न्यायालयात बोलण्याची सनद मिळण्यापूर्वी ऐकण्याची आणि नेमके लिहिण्याची शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणविणे हे विधी महाविद्यालयाचे काम आहे, आणि ते काम कोणत्याही कायद्याने त्याला मना केलेले नाही.